पालथे नाना आणि देवळालीची हिरवी गाडी

नानांनी मला कामावर घेतलं तेव्हा शाळेचा दाखला मागितला नाही की आधार कार्ड मागितलं नाही. "हात दाखव," म्हणाले. मी तळवे पुढं केले. त्यांनी ते धरून पालथे केले आणि चष्मा कपाळावर चढवून मागची बाजू बराच वेळ बघत बसले. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे पांढरे ठिपके मनगटापर्यंत होते.

"तळहात काय, कुणाचाबी राठ असतो. कुदळ मारली तरी होतो," नाना म्हणाले. "ठिणगी मागं बसती. ये उद्यापासून. पण तुझ्यावर माझा विश्वास नाय, हे आत्ताच सांगून ठेवतो."

अंबड लिंक रोडच्या आतल्या गॅरेजच्या गल्लीत त्यांचं डेंटिंगचं दुकान होतं. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करायचा, सडलेला कापून नवा जोडायचा, हे काम. गल्लीत त्यांना सगळे 'पालथे नाना' म्हणत, अर्थात पाठीमागं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. गाव गोंदियाकडं, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडं वेल्डर म्हणून आलो होतो. एक दिवस कंत्राट संपलं आणि कंत्राटदार फोन उचलेनासा झाला. आई रोज विचारायची, "इतक्या दूर काहून गेलास बापा?" त्या आठवड्यात नानांनी हात पालथे केले नसते तर मी परतीच्या गाडीत बसलो असतो. म्हणून विश्वास नाही म्हणाले तरी मला राग आला नाही. काम दिलं होतं ना.

पालथं करायची सवय त्यांना कशाचीही चालायची. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची उलटी करून पायांचे स्क्रू बघायचे. मिसळ आली की चमच्यानं फरसाण बाजूला सारून खाली मटकी किती ते बघायचे. लग्नाची पत्रिका आली की मागचा छापखाना आधी वाचायचे आणि मग पुढं नवरामुलगा कोण ते. चहाच्या टपरीवर क्यूआर कोडची पाटी आली तेव्हा ती त्यांनी उचलून पालथी केली, मग नखानं कोपरा खरवडला.

टपरीवाला वैतागला. "नाना, काय शोधताय?"

"खाली दुसऱ्याचं स्टिकर तर नाय ना, ते बघतोय. तुझाच फायदा हाय."

मूळ येवल्याचं. वडील पैठणी विणायचे. नाना लहानपणी मागावर बसले नाहीत, हातोडीकडं पळाले, पण एक गोष्ट घरातून घेऊन आले. हातमागाची खरी पैठणी पुढून जशी दिसते तशीच मागून दिसते. पदरावरचा मोर उलट्या बाजूनंही मोरच असतो. यंत्रावरच्या नकली पैठणीला मागं धागे लोंबतात. गिऱ्हाईक आलं की वडील साडी उलगडायचे ती उलटीच. "आमच्या बापानं पुढची बाजू कुणाला दाखवलीच नाय," नाना सांगायचे. "मागून पसंत पडली तर घ्या म्हणायचा."

त्यांच्या खिशात कायम एक चुंबक असायचं, जुन्या स्पीकरमधलं, भाकरीच्या गोळ्याएवढं. गाडीच्या रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून ते एका कापडात शिवून टाकलेलं. ते कापड पैठणीच्या पदराचं होतं, वडिलांच्या मागावरचं, असं ते म्हणायचे. आम्हाला दिसायचं ते ग्रीस आणि धुळीनं काळं पडलेलं फडकं. सेकंडहॅन्ड गाडी घ्यायची असली की लोक ती आधी नानांकडं आणायचे. नाना चुंबक हातात धरून गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचे. खाली खरा पत्रा असेल तिथं चुंबक चिकटायचं. पत्रा सडून, फाटून वरून पुट्टी भरलेली असेल तिथं सुटून हातात पडायचं. एका सरकारी साहेबांनी मोठ्या हौसेनं आणलेल्या गाडीवर ते चार ठिकाणी पडलं.

"साहेब," नाना म्हणाले, "तुमची निम्मी गाडी कुंभारानं केलीया."

माझ्यावरचा अविश्वास त्यांनी नेमानं पाळला. रोज संध्याकाळी निघताना माझी डब्याची पिशवी घ्यायचे, बाकावर पालथी करायचे, डबा, पाण्याची बाटली, कंगवा बघायचे आणि परत भरून द्यायचे. शेजारच्या गाळ्यातला सलीम पेंटर हसायचा. "अरे भाई, एअरपोर्टला पण इतकी चेकिंग नाही होत." मला लाज वाटायची. पण त्याच पिशवीत कधीतरी घरी जाऊन बघावं तर अर्धा किलो द्राक्षं निघायची, किंवा खोकल्याचं औषध. ते केव्हा भरायचे कळायचं नाही. असं नऊ वर्षं चाललं.

आता गाडीचं सांगतो. आठवीत असताना आमच्या गावाजवळ हायवेवर एक छोटी हिरवी गाडी थांबली होती. दोनच सीट, टप उघडा, नाक लांब. इंजिन तापून वाफ निघत होती. मी बादलीनं पाणी आणून दिलं. गाडीवाल्यानं मला मागच्या फळीवर बसवून गावाच्या वेशीपर्यंत नेलं. त्या दिवशी गणिताचा पेपर होता. त्या गाडीमुळं मी नापास झालो, असं मी सगळ्यांना सांगतो. गाडी आली नसती तरी झालोच असतो. पुढं शाळा सुटली ती सुटलीच, पण ती गाडी काही सुटली नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांचे पत्रे सरळ करताना हातात कायम ते लांब नाक असायचं.

आणि ती मला देवळालीत दिसली. म्हणजे तीच नव्हे, तिची बहीण. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचं फाटक वेल्डिंग करायला गेलो होतो. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखालून एक गोल दिवा डोकावत होता. वर दोन कोंबड्या बसलेल्या. बंगल्यात एकट्या राहणाऱ्या बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "ह्यांची गाडी. साठ सालानंतरची विलायती. ह्यांनी एका लष्करी साहेबाकडून घेतलेली. हे गेल्यापासून उभी आहे. विकायची आहे, पण भंगारात नाही, आणि त्या मुंबईच्या एजंटलाही नाही. जो चालवील त्याला."

किंमत त्यांनी सांगितली ती गावच्या घराच्या स्लॅबसाठी मी साठवलेल्या पैशांत बसत होती. तिथंच मला भीती वाटली. एवढी चांगली गोष्ट माझ्याकडं कशी येईल? आठ दिवस मी कुणाला बोललो नाही. चोरीची असेल. कागद खोटे असतील. बाई खऱ्या मालकीण नसतील. शेवटी नानांना सांगितलं.

"तुला कुणी सांगितलं गाडीचं?" नानांनी विचारलं.

"कुणी नाही. दिसली."

"दिसली कशी? ताडपत्री कुणी सरकवली?"

"कोंबडीनं."

"कोंबडी कुणाची?"

रविवारी आम्ही दोघं गेलो. नानांनी सीट उचलून पालथी केली, पायपुसणी झटकली, गाडीखाली पाठीवर झोपून टॉर्च मारला. बाईंनी चहा आणला. नानांनी कप उचलून बुडाखाली बघितलं.

"माझ्या लग्नातले आहेत," बाई म्हणाल्या. "चोरीचे नाहीत."

मग चुंबक निघालं. दारांना चिकटलं. डिकीला चिकटलं. मडगार्डांना चिकटलं. माझा श्वास मोकळा होत होता. शेवटी नानांनी ते बॉनेटवर ठेवलं. ते घसरलं आणि त्यांच्या हातात पडलं. दुसरीकडं ठेवलं, परत पडलं. बॉनेटभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पडत गेलं. बोटाच्या पेरानं वाजवलं तर आवाज बोदा, दबका आला. उघडून बघावं तर आतली ओढायची वायर तुटलेली, बॉनेट उघडेना.

"समोरून ठोकलेली हाय," नाना म्हणाले. "नाकापासून काचेपर्यंत कुंभारकाम."

बाईंचा चेहरा उतरला. "ही गाडी कधीच ठोकलेली नाही. ह्यांनी हिला ओरखडा येऊ दिला नाही."

"बाई, सगळे यजमान घरी असंच सांगतात," नाना म्हणाले आणि चालू लागले.

परतीच्या बसमध्ये मी बाहेर बघत बसलो. वाईट वाटत होतं, पण सुटल्यासारखंही वाटत होतं. नाना नसते तर माझ्या घराचा स्लॅब त्या पुट्टीत गेला असता. उतरताना मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले. "काय पाहिजे?" म्हणाले.

पंधरा दिवसांनी सलीम रंगाचा डबा ढवळता ढवळता म्हणाला, "नानाचं देवळालीत कोणी नातेवाईक आहे का रे?"

"का?"

"दर गुरुवारी तिकडच्या बसमध्ये चढतो. मी दोनदा बघितलं."

गुरुवारी नाना डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातो असं सांगून जायचे. केसाएवढी चीर त्यांना दहा फुटांवरून दिसायची. त्या माणसाच्या डोळ्यांना काय झालं होतं? त्याच आठवड्यात पांढरा शर्ट घातलेला एक मुंबईचा माणूस गल्लीत आला आणि नानांना विचारत त्यांच्या गाळ्यात शिरला. दोघं कोपऱ्यात हळू आवाजात बोलले. मी पत्रा कापायचं मशीन बंद केलं तसे नाना म्हणाले, "बंद का केलंस? चालू ठेव."

आता मला सगळं नानांच्याच पद्धतीनं दिसायला लागलं. पुट्टी सांगितली म्हणजे मी मागं हटलो. मी हटलो म्हणजे मैदान मोकळं. नऊ वर्षं माझी पिशवी पालथी करणाऱ्या माणसाची पिशवी कधी कुणी बघितली होती? एका दुपारी ते जेवायला गेले तेव्हा मी बघितली. आत पोळीभाजीचा डबा, चष्म्याचं घर, आणि चष्म्याच्या घरात घडी केलेला एक पातळ कागद. त्यावर पेन्सिल घासून उमटवलेला नंबर. चॅसी नंबरवर कागद ठेवून असा छाप घेतात, गाडी नावावर करायच्या वेळी. त्या रविवारी वाचलेली नंबराची सुरुवात मला पाठ होती. देवळालीतल्या त्या गाडीचाच होता.

मी कागद होता तसा ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी नानांनी नेहमीसारखी माझी पिशवी पालथी केली आणि परत भरून दिली. पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी त्यांच्या मागच्या बसनं गेलो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. बंगल्याचं फाटक उघडंच होतं, मीच जोडलेलं. शेडजवळ नाना एक पाय लांब करून स्टुलावर बसून कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकत होते. बाई वेताच्या खुर्चीत, मांडीवर कागदांची फाईल. गाडीवरची ताडपत्री काढलेली होती. गाडी धुतलेली होती.

जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "मला पुट्टी सांगितली नाना," मी म्हणालो, "आणि स्वतः घेताय?"

नानांनी मान वर केली. तोंडात खिळे होते. ते एकेक काढून त्यांनी तळहातावर ठेवले. बाई मात्र माझ्यावर चिडल्या.

"अहो, काय बोलताय? हा माणूस महिनाभर माझ्या दारात येतोय. पहिल्या दिवशी मी आत घेतलंच नाही."

"सांगू द्या मला," नाना म्हणाले. उठले. गाडीच्या पुढं जाऊन त्यांनी बॉनेट उचललं. वायर नवी घातलेली होती. एवढं मोठं बॉनेट, पण त्यांनी ते दोन बोटांनी उचललं. "ये. धर."

मी धरलं. वजनच नव्हतं.

"मागून बघ."

मी वाकून आतली बाजू बघितली. पांढुरका, चकचकीत, एकसंध पत्रा. ठोकल्याची खूण नाही, जोड नाही, गंज नाही.

"ॲल्युमिनियम हाय," नाना म्हणाले. "कंपनीनंच तसं केलंय. नाक हलकं राहावं म्हणून नुसतं बॉनेट ॲल्युमिनियमचं, बाकी समदं लोखंड. चुंबक कसं चिकटंल? चाळीस वर्षं पत्रा ठोकला, पण असली गाडी हाताखालनं गेली नव्हती. वर रंगाचे थर, म्हणून आवाज बोदा." त्यांनी आतल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. "त्या दिवशी बॉनेट उघडलं नाय. मागची बाजू न बघता बोललो. पहिल्यांदा."

"मग कळलं कसं?"

"टपरीवर. पातेल्याचं झाकण पालथं केलं आणि चुंबक त्याच्यावर ठेवलं, सवयीनं. घसरलं."

मला हसू येईना. "मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी बाईंकडं बघितलं. बाई फाईलवरून हात फिरवत होत्या. "तुम्ही दोघं गेलात त्यानंतर," त्या म्हणाल्या, "मी ह्यांची सगळी पत्रं काढून वाचली. एकोणचाळीस वर्षांचा संसार. एकदा हे चार दिवस उशिरा आले होते, पुण्याहून. तेव्हा ठोकली असेल का? माझ्यापासून लपवली असेल का? आणि ते लपवलं, तर आणखी काय? मेलेल्या माणसाला विचारायचं कसं?" त्यांचा आवाज स्थिर होता, मास्तरणीचा. "मग हे तुमचे नाना आले. फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले, बाई, तुमचे यजमान खरं बोलत होते, मी खोटा पडलो. मी म्हटलं, आता गाडी विकायचीच नाही. तरी नाना दर गुरुवारी येतात. नळ, दारं, खुराडं नीट करून देतात. गाडीचं आरसी बुक सापडत नव्हतं, मला घेऊन आरटीओत दोन खेटे घातले. नवीन कागद तुमच्या नावावर करायचे आहेत म्हणाले."

"माझ्या?"

"मग काय माझ्या?" नाना खेकसले. "मला गुडघा वाकवून त्या गाडीत बसता तरी येतंय का? गाडी हातात आली की सांगणार होतो. नुसतं चुकलो म्हणून सांगून काय उपयोग, तुला काय मिळालं असतं?"

"आणि तो मुंबईचा माणूस?"

"एजंट हाय. गाडी घेऊ का म्हणून माझं मत विचारायला आलता."

"काय सांगितलंत?"

नाना खुराड्याकडं वळले. "पुट्टी," ते म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. "मी पण त्याला तेच सांगितलं!"

मी मान खाली घालून उभा होतो. पिशवी उघडली होती ते सांगून टाकलं, कागद बघितला होता तेही. नाना हातोडी थांबवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "चष्म्याच्या घरात बघितलंस? शाबास. मीबी तिथंच बघितलं असतं." पण परतताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असून ते पुढं जाऊन बसले. आणि त्या दिवसानंतर त्यांनी माझी पिशवी कधी पालथी केली नाही. ती शिक्षा होती की बक्षीस, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाईंनी गाडी दिली. एकच अट घातली, महिन्यातून एकदा त्यांना फिरवून आणायचं. गाडी उभी करायला आम्हाला वर्षाच्या वर लागलं. नानांनी बॉनेटवरचे जुने रंग स्वतः उतरवले, हातानं, मशीन लावू दिलं नाही. सलीमनं हिरवा रंग तीनदा परत करून दिला, कारण नाना तिन्ही वेळा दाराच्या आतली कड बघून "इथं राहिलंय" म्हणाले. पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा शेजारी नानांना बसवलं. गुडघा खरंच वाकत नव्हता, दोघांनी धरून बसवावं लागलं. गंगापूर धरणापर्यंत गेलो. नाना सगळा रस्ता वाकून पायाखालचा पत्रा बघत होते. धरण बघितलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान माझ्याकडं सोपवलं आणि ते येवल्याला लेकीकडं राहायला गेले. जाताना माझे हात धरून परत पालथे करून बघितले. "ठिपके वाढले," म्हणाले. गेल्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. मी गाडी घेऊनच गेलो, दहाव्याला. कांद्याच्या ट्रॅक्टरमधून वाट काढत ती हिरवी गाडी येवल्यात शिरली तेव्हा लोक बघत होते. मला रडू येत होतं आणि लोकांना वाटत होतं कुणाची तरी वरात आली.

निघताना लेकीनं चुंबक आणून दिलं. "तुम्हालाच द्यायचं म्हणून सांगून गेले," ती म्हणाली. "आणि म्हणाले, लगेच खरं मानेल तर त्याला देऊ नको."

बाहेर गाडीपाशी येऊन मी ते हातात घेऊन उभा राहिलो. तेच काळं फडकं, कडेनं शिवलेलं. पैठणी आहे हे आम्ही नुसतं ऐकलं होतं. गल्लीत कुणाचाच विश्वास नव्हता, माझाही नव्हता. मी ब्लेडनं शिवण उसवली. चुंबक बाजूला म्हणून बॉनेटवर ठेवलं. ते घसरलं, आणि मी सवयीनं झेललं. मग कापड पालथं केलं.

आतल्या बाजूला मोर होता. जांभळ्यावर सोनेरी, एकही धागा न सुटलेला.